जावई आला की निसटणारी सुई

भोकरवेढे नावाच्या एका गावात एक पटवेकरी राहत होता. पटवेकरी म्हणजे मणी, मोती, डोरली रेशमात ओवून दागिना बांधून देणारा. त्याचं नाव रंगनाथ. पण वय आणि मिशी दोन्ही वाढल्यावर गाव त्यांना रंगाभाऊ म्हणू लागलं.

रंगाभाऊंनी मारलेली गाठ ब्रह्मदेवालाही सुटायची नाही. एका वैशाखात असं वादळ आलं, की पाटलांच्या गोठ्याच्या चारी भिंती उडून गेल्या. पत्रे मात्र रंगाभाऊंनी बांधलेले होते, म्हणून ते जागच्या जागी राहिले. भिंतींशिवाय छप्पर कशावर उभं होतं, असं कोणी विचारू नये. गाठीवर उभं होतं. त्यांची बायको यमुनाबाई काशीला निघाली, तेव्हा ट्रंक त्यांनीच बांधून दिली. ती ट्रंक काशीला गेली, प्रयागला गेली, गयेला गेली आणि न उघडता घरी परत आली. यमुनाबाईंनी सगळी तीर्थं एका लुगड्यात उरकली. त्या विषयावर त्या आजही एक अक्षर बोलत नाहीत, आणि रंगाभाऊ त्यालाच प्रशस्तिपत्र समजतात.

"बांधलेलं हललं, तर बांधलं कशाला?" असं ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत.

एके दिवशी गावच्या दवाखान्यातल्या गायधनी सिस्टर त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, "रंगाभाऊ, आमच्याकडे सलाईनच्या सुया निसटतात. उन्हाळा हा असा. घामानं चिकटपट्टी सुटते. पेशंट कुशीवर वळला, की नळी ओढली जाते आणि सुई शिरेबाहेर येते. औषध जायचं शिरेत, ते जातं कातडीखाली. हात फुगतो. मग पुन्हा टोचा. आणि पेशंट खडे फोडतो माझ्या नावानं."

"एवढंच?" रंगाभाऊ हसले.

"तुमच्यासाठी एवढंच. ज्याला टोचतात त्याला विचारा."

रंगाभाऊंनी मनावर घेतलं. जाड कातड्याचा एक पट्टा कापला. त्याला पितळी बक्कल लावलं. नळी पट्ट्याखाली दाबून बक्कल ओढलं की झालं काम. पण पारखल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओट्यावर बोलावलं, एकेकाच्या हाताला नुसती नळी लावली, वरून पट्टा आवळला आणि सांगितलं, "बसा."

आता भोकरवेढ्याची एक रीत आहे. कोणी आपल्या हातची वस्तू दाखवली, की तिला धक्का लावायचा नाही. जपून हाताळायची, मान डोलवायची आणि "झकास" म्हणायचं. त्यामुळे शेजारी बसले ते देवळातल्या मूर्तींसारखे. डोळ्याची पापणी हलवायची तर परवानगी मागत होते. दगडूशेठ वाणी तर इतके स्तब्ध बसले, की त्यांच्या खांद्यावर चिमणी बसली आणि काडी आणायला परत गेली. दुपार टळली. एकाचीही नळी हलली नाही.

"झकास," सगळे म्हणाले.

दवाखान्यातही कोणाची नळी हलली नाही, हे खरं. मात्र पेशंटची बोटं वांग्यासारखी झाली. पट्ट्यानं नळी आवळली तशी शीरही आवळली. मग औषध जाणार कुठून? गायधनी सिस्टरांनी कात्री घेऊन एकेक पट्टा कापला आणि तुकडे रंगाभाऊंच्या पुढ्यात आणून टाकले.

"मी नळी धरायला सांगितली होती," त्या म्हणाल्या. "चोर नव्हे."

रंगाभाऊंना राग आला. पण तो काढायला वेळ मिळाला नाही, कारण त्याच आठवड्यात गोष्ट घरापर्यंत आली.

यमुनाबाईंचे वडील, म्हणजे रंगाभाऊंचे सासरे सोपानमामा, शेजारच्या गावात पिठाची गिरणी चालवत. गिरणीचा गंजका पत्रा त्यांच्या पायाला लागला. मामांनी त्यावर हळद दाबली आणि दळण चालू ठेवलं. जखम चिघळली, विष अंगात चढलं, आणि मामा तापानं फणफणलेले दवाखान्यात आले. सोपानमामा म्हणजे जुन्या वळणाचे, मानपानाचे पक्के. खाटेवर घालताना सुद्धा ते वॉर्डबॉयला "आपल्याला त्रास झाला" असं म्हणाले.

डॉक्टरांनी रंगाभाऊंना बाजूला घेतलं. "औषध शिरेतूनच गेलं पाहिजे, आणि सतत गेलं पाहिजे. मध्ये खंड पडला की ताप उसळतो. वयामुळे शिरा सुतासारख्या झाल्यात. टोचायला जागा फार नाहीत. त्या संपल्या तर घाट उतरून शहरात न्यावं लागेल. त्या रस्त्यात काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

यमुनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अहो, सगळ्या गावाचं बांधता. आता माझ्या बाबांची सुई बांधा."

रंगाभाऊंनी दुकानाची फळी लावली आणि कामाला बसले.

दुसरा पट्टा त्यांनी वेगळा केला. हाताखाली सागाची पातळ फळी, तिला कापसाची गादी, आणि नळीला धरायला सुतळीनं बांधलेला लाकडी चिमटा. शीर आवळली जाणार नाही, अशी सोय. सिस्टरांनी उलटसुलट पाहून मान हलवली आणि मामांच्या डाव्या हाताला ती फळी बसवली. थेंब पडू लागले. सकाळभर पडत राहिले.

दुपारी रंगाभाऊ आपलं काम बघायला गेले. दारातून आत पाऊल टाकलं, तशी त्यांची नजर नेहमीप्रमाणे आधी वर, बाटलीकडे गेली. थेंब झकास पडत होते.

"या, जावईबापू," सोपानमामांचा क्षीण आवाज आला.

रंगाभाऊ बाटली बघत बघत खाटेपाशी आले, आणि पाहतात तर थेंब थांबलेले. खाली बघितलं तर सुई बाहेर, चादरीवर रक्ताचा डाग. मामा कसनुसं हसत होते. चिमटा मात्र नळीला असा धरून होता, की विचारू नका. त्यानं नळी सोडली नव्हती. नळीनं सुई ओढून नेली होती.

"चालायचंच," मामा म्हणाले. "आपण घरी जेवून आलात ना?"

तिसरा पट्टा त्यांनी आणखी मजबूत केला. सुतळीऐवजी मेणवलेलं रेशीम, एका चिमट्याऐवजी दोन. घरी यमुनाबाईंच्या हाताला तो बांधून नळीचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या बोकडाच्या गळ्यात अडकवलं आणि बोकडाला पाला दाखवला. बोकडानं ओढ घेतली. नळी सुटली नाही. यमुनाबाई पाल्यापर्यंत गेल्या.

"झकास," रंगाभाऊ म्हणाले. यमुनाबाई काही बोलल्या नाहीत. ट्रंकेनंतर हे दुसरं.

हा पट्टा दवाखान्यात लागला. इतर पेशंटना लागला, तिथे बऱ्यापैकी टिकला. मामांच्या हातालाही सकाळभर टिकला. दुपारी रंगाभाऊ दारात आले, वर बघितलं, थेंब पडत होते. "या, जावईबापू," मामा म्हणाले. आणि खाटेपाशी पोचेपर्यंत सुई बाहेर. शिवाय या खेपेला पट्टा इतका पक्का होता, की सलाईनचा लोखंडी स्टँडही खेचला जाऊन खाटेवर वाकला होता, जणू मामांच्या कानात काही सांगायचं आहे.

रंगाभाऊ गोंधळले. पट्टा तोच. गाठ तीच. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर खोकतो, त्याची सुई जागेवर. पलीकडची बाई पोराला मांडीवर घेऊन बसते, तिची सुई जागेवर. आणि नुसता पडून असलेल्या मामांची सुई बाहेर. ती का?

"रंगाभाऊ," गायधनी सिस्टर म्हणाल्या, "एक सांगू? राग मानू नका. तुम्ही नसता तेव्हा सुई राहते. तुम्ही आलात की निसटते."

"म्हणजे माझी नजर लागते?"

"मी असं कुठे म्हटलं? मी बघितलं तेवढं सांगितलं. तेही अर्धंच. तुम्ही आलात की मी तुमच्याकडेच बघते, आता कोणता नवा सापळा आणलाय म्हणून."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं खोकला आवरून तोंड घातलं. "अहो, जावई म्हणजे दहावा ग्रह. नवांची शांत करता येते. दहाव्याला नुसतं जेवायला घालायचं."

वॉर्ड हसला. सोपानमामांना ते आवडलं नाही. "आमचे जावई तसे नाहीत," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

रंगाभाऊ घरी आले ते डोकं धरून. त्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं: गाठ पक्की असेल तर वस्तू हलत नाही. आता गाठ पक्की होती आणि वस्तू हलत होती. आणि हलायची ती त्यांना बघूनच. सुईला डोळे असतात का? असले तर तिचं आपल्याशी काय वाकडं? त्यांनी एकदा चपला बाहेर काढून पाहिल्या. एकदा डावं पाऊल आधी टाकलं. एकदा कपाळाचं गंध पुसून गेले. एकदा तर उलटे चालत गेले, म्हणजे सुईला त्यांचं तोंड दिसू नये. तर दारात बादलीला अडखळले, त्या आवाजानं मामांनी वळून बघितलं, "या, जावईबापू" म्हणाले आणि सुई गेली.

डावा हात काळानिळा झाला. सिस्टरांनी उजवा हात घेतला. तिथलीही एक जागा गेली. मग बराच वेळ चाचपून त्यांना मनगटाच्या वर एक शीर सापडली. त्यांनी सुई घातली, कपाळाचा घाम पुसला आणि रंगाभाऊंना दाराबाहेर नेलं.

"ही शेवटची," त्या म्हणाल्या. "यानंतर माझ्याजवळ जागा नाही. तुम्ही आता येऊ नका."

"पण पट्टा..."

"पट्टा राहू द्या. तुम्ही जा."

रंगाभाऊ गेले. आणि खरोखरच, ते गेले तर सुई राहिली. आज राहिली, उद्या राहिली, परवाही राहिली. मामांचा ताप उतरणीला लागला. पटवेकऱ्यांच्या सात पिढ्यांत कोणाचा असा अपमान झाला नसेल: पट्टा कामाचा निघाला आणि पट्टेवाला अपशकुनी.

पण मग दुसरंच सुरू झालं. यमुनाबाई पेज घेऊन जायच्या आणि भरलेला डबा परत आणायच्या.

"बाबा खात नाहीत," त्या म्हणाल्या. "सारखं दाराकडे बघतात. मला विचारतात, जावई का येत नाहीत? लग्नात काही राहिलं होतं का? मी म्हटलं, बाबा, लग्नाला किती वर्षं झाली. तर म्हणतात, राहिलेलं मानपान वर्षांनी जुनं होत नाही. आज तर पाणीही नको म्हणाले."

डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर औषध एकटं काय करणार.

आता रंगाभाऊंना सांगा, माणसानं करावं काय? गेलं तर सुई जाते. न गेलं तर माणूस जातो. ते ओट्यावर बसून राहिले. दगडूशेठ वाणी विचारपूस करायला आले, रंगाभाऊंचा चेहरा बघितला आणि तसेच परत गेले.

शेवटी त्यांनी ठरवलं, की सुईची ही खोड स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. पण तिला आपण दिसायचं नाही. भर वैशाखात त्यांनी डोक्यावरून घोंगडी घेतली. तोंडाला फडकं बांधलं. मिशी फडक्यात मावेना, ती घोंगडीत घेतली. रस्त्यातली कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. त्यांना दया आली असावी. दवाखान्याच्या मागच्या दारानं ते आत शिरले आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी, त्याचाच कोणी नातेवाईक असल्यासारखे, स्टुलावर बसले. म्हातारा झोपला होता, हे नशीब.

त्यांनी घोंगडीच्या फटीतून बघितलं. थेंब पडत होते. सुई जागेवर होती. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. तरीही सुई जागेवर होती.

रंगाभाऊ आणखीच गोंधळले. म्हणजे सुई खरंच तोंड ओळखते?

"थंडीताप का हो?" मामांनी विचारलं.

"हूं," रंगाभाऊ घोंगडीतून म्हणाले.

"काळजी घ्या." मामांनी पुन्हा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "पाहुणे, एक विनंती होती. मला जरा उशीला टेकवून बसवता का? सिस्टर बसू देत नाहीत."

रंगाभाऊंनी हळूच त्यांना काखेत धरून वर सरकवलं. मामांचं वजन पिसासारखं झालं होतं. एवढ्यानंही त्यांना धाप लागली.

"आमचे जावई यायचे आहेत," मामा म्हणाले. "म्हणजे, येतील असं वाटतं. बरेच दिवस आले नाहीत. मोठा कारागीर माणूस, सवड नसते. पण आले तर आपण असं पडलेलं बरं दिसत नाही."

"हूं."

"पडल्या पडल्या हात जोडले, की नमस्कार छातीवरच राहतो. मुलगी दिली त्यांना. त्यांना नमस्कार करायचा तर बसून, हात पार कपाळाला लावून करावा. इतके दिवस मला तो नीट जमलेलाच नाही. मध्येच कुठेतरी हात अडकतो. त्यांना तेच लागलं असेल."

घोंगडीच्या आत रंगाभाऊ थिजले. मामांचे नमस्कार त्यांनी लग्नापासून घेतले होते, आणि एकही बघितला नव्हता. माणूस समोर आला की हात जुळतात. श्वासासारखं असतं ते, कोण बघत बसतो? ते तर दारातून यायचे तेच बाटलीकडे बघत. तेवढ्यात मामा पडल्या पडल्याच हात जोडत, ते कपाळाकडे नेत. नळी पुरायची छातीपर्यंत. तिथून पुढे नळी थांबे आणि नमस्कार पुढे जाई. आणि पट्टा जितका पक्का, तितकी सुई लवकर बाहेर, कारण ओढ जायला दुसरी वाटच नव्हती.

"मामा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आवाज ओळखीचा होता. मामांचा चेहरा उजळला. "जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही हात उठले.

रंगाभाऊंनी घोंगडी टाकली आणि झेप घेऊन मामांचे हात आपल्या दोन्ही हातांत पकडले. नळी ताणली गेली होती, तंबोऱ्याच्या तारेसारखी. आणखी बोटभर, की ती शेवटची शीरही गेली असती. त्यांनी हात तसेच हळूहळू खाली आणले. वर थेंब थबकला होता, तो पुन्हा पडला.

सगळा वॉर्ड बघत राहिला. सासऱ्याचा नमस्कार जावयानं मध्येच धरला, असं भोकरवेढ्यात आजवर कोणी केलं नव्हतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं काय चुकलं माझं?" त्यांनी विचारलं.

"काही चुकलं नाही, मामा. चूक नळीची आहे. नळीचीही नाही. तुम्ही जरा असेच बसा."

गायधनी सिस्टर धावत आल्या. रंगाभाऊंनी त्यांना काय बघितलं ते सांगितलं. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, मग सरळ सांगा ना यांना, हात जोडू नका म्हणून."

"मामा, हात जोडू नका," रंगाभाऊ म्हणाले.

"बरं," मामा म्हणाले. ते आज्ञाधारक होते. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग आपण आलात, की मी काय करू? नुसतं बघू?"

रंगाभाऊंनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी बाटलीकडे बघितलं. तेवढ्यात डॉक्टर फेरीला आत आले. पडून असताना मामा डॉक्टरांना नुसती मान लववत, पण आता ते बसलेले होते, त्यांचे हात तत्क्षणी उठले. रंगाभाऊ तयारीतच होते. त्यांनी ते पुन्हा पकडले.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "याला औषध नाही."

रंगाभाऊंनी खिशातून रेशमाचा धागा काढला. सिस्टरांना स्टँड खाटेला अगदी लागून आणायला सांगितला आणि नळी सैल हातात धरायला लावली. "मामा, आता नमस्कार करा. सावकाश. अगदी कपाळापर्यंत."

मामांनी केला. डोळे मिटून केला. रंगाभाऊंनी धाग्यानं त्या नमस्काराचं माप घेतलं, खाटेपासून छातीपर्यंत आणि छातीपासून कपाळापर्यंत, जसं मंगळसूत्रासाठी गळ्याचं घेतात.

घरी येऊन ते बसले, तेव्हा मात्र हात चालेना. काय करायचं ते कळलं होतं, आणि तेच जड जात होतं. ज्या माणसानं ट्रंकेचं झाकण गयेतसुद्धा उघडू दिलं नाही, त्यानं आता ढिलं काहीतरी बांधायचं होतं. गाव काय म्हणेल? ओट्यावर बसून कोणत्या तोंडानं विचारणार, की बांधलेलं हललं तर बांधलं कशाला? त्यांनी कातडं हातात घेतलं, खाली ठेवलं. यमुनाबाई दारात उभ्या होत्या.

"काय अडलं?" त्यांनी विचारलं.

"सैल करायचंय."

"मग करा," यमुनाबाई म्हणाल्या. "माझी ठुशी नाही का तुम्ही केलेली? तिच्या गोंड्याची गाठ सरकते, म्हणून मान वळवता येते. सरकते, पण आजवर गळून पडली नाही."

रंगाभाऊंनी बायकोकडे बघितलं. ती सरकगाठ ते दिवसातून कितीदा मारत आणि तिला गाठीत धरतच नसत.

चौथ्या पट्ट्यात कातडं नव्हतं, फळी नव्हती, बक्कल नव्हतं. मऊ कापडाचं पिंपळपानाएवढं एक पान होतं, सुईला कातडीशी धरून ठेवणारं. मधोमध खिडकी, म्हणजे सुईभोवती सूज आली तर सिस्टरांना दिसावी. सुईच्या पुढे नळीचा एक मोठा वळसा मनगटावर सैल सोडलेला, नमस्काराच्या मापाचा. वळशापलीकडे, कोपराजवळ, नळीला सरकू देणारा सरकगाठीचा एक छोटा पट्टा. हात उठला की आधी वळसा उलगडणार. सुईपर्यंत ओढ पोचणारच नाही. हात खाली आला की वळसा पुन्हा आपल्या जागी. आणि सिस्टरांनी एका बोटानं गाठ ओढली, की सगळं मोकळं.

सिस्टरांनी तो लावला. मामांना उशीला टेकवून बसवलं. रंगाभाऊ बाहेर गेले आणि पुढच्या दारानं आत आले, उजळ माथ्यानं, मिशीसकट. या खेपेला त्यांनी बाटलीकडे बघितलंच नाही.

वॉर्डातला खोकणारा म्हातारा खोकायचं थांबला.

"या, जावईबापू," सोपानमामा म्हणाले. त्यांचे हात उठले. छातीपाशी आले. वळसा उलगडू लागला. हात हनुवटीपाशी आले, नाकापाशी आले, कपाळाला टेकले. मामांनी तिथे ते बराच वेळ ठेवले. इतक्या दिवसांची थकबाकी होती. मग हात खाली आले आणि नळी मनगटावर वेटोळं करून बसली.

सिस्टरांनी वर बघितलं. थेंब पडत होता.

रंगाभाऊंनीही हात जोडले. आजवर ते सासऱ्याच्या नमस्काराला न बघताच नुसती मान डोलवत. त्या दिवशी मामांनी डबाभर पेज खाल्ली आणि वर लोणचं मागितलं.

ही बातमी वॉर्डभर झाली. सिस्टरांनी प्रत्येक खाटेपाशी रंगाभाऊंना नेलं आणि ते प्रत्येकाला विचारू लागले, "दिवसभर या हातानं काय काय करता?" कोणी जपमाळ ओढत होतं. बाईला पोराला थोपटायचं असे. खोकणारा म्हातारा तंबाखू मळत होता, डॉक्टर समोर असल्यामुळे त्यानं ते कबूल करायला फार वेळ घेतला. एक जण म्हणाला, मी काहीच करत नाही. आणि हे सांगताना त्यानं हात असा काही फिरवला, की सिस्टर मागे सरकल्या. रंगाभाऊंनी त्याला सगळ्यांत मोठा वळसा दिला.

सोपानमामांच्या जखमेवर खपली धरली. घरी जायच्या दिवशी सिस्टरांनी गाठ ओढून पट्टा काढला. रंगाभाऊ बैलगाडी घेऊन आले होते. मामांना आधार देत ते पायरी उतरू लागले.

"जावईबापू, एक विचारायचं राहिलं," मामा म्हणाले. "ते आधीचे पट्टे आपण का केलेत?"

"सुई निसटू नये म्हणून. का?"

मामा थोडे ओशाळले. "मला वाटलं, आपण माझ्यावर रागावलात. माझा नमस्कार नको, म्हणून हात बांधताय. म्हणून तर मी जोर लावून करत होतो. जितकं आवळायचात, तितका जास्त."

रंगाभाऊ पायरीवरच थांबले. मामांचा हात तेवढा त्यांनी धरून ठेवला, अगदी सैल.

तात्पर्य: माणसाला आवळून वस्तू टिकत नाही. ज्याच्यासाठी बांधायचं, त्याचे हात कशासाठी उठतात ते आधी बघावं. आणि ते आपल्यासाठीच उठत असतील, तर गाठीत तेवढी जागा सोडावी.